राजा राममोहन राय प्रतिष्ठानाचं अनुदान: अर्जाआधी दप्तर

राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या असमान निधी योजनांसाठी, म्हणजे राज्याने बरोबरीचा वाटा घालावा लागत नाही अशा योजनांसाठी, ग्रंथालय संचालनालयाचं आवाहन निघालं की गावोगावच्या वाचनालयांत धावपळ सुरू होते. ग्रंथ, कपाटं, इमारतीचा विस्तार, बालविभाग, पन्नास, पंचाहत्तर किंवा शंभर वर्षं पूर्ण झाल्याचा महोत्सव, अशा कामांसाठी हा केंद्राचा पैसा मिळतो. प्रस्ताव इंग्रजी किंवा हिंदीत, चार प्रतींत, जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात द्यायचा असतो. अर्ज भरायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो दप्तर जुळवण्यात, आणि मुदत तेवढी नसते. म्हणून आवाहनाची वाट न बघता दप्तर आजच बाहेर काढावं.

सुरुवात दाखल नोंदवहीपासून, म्हणजे आलेल्या प्रत्येक ग्रंथाला क्रमांक देणाऱ्या वहीपासून. शेवटचा दाखल अंक 8,412 असेल तर ग्रंथसंख्या 8,412 आहे असं बरेच जण लिहून मोकळे होतात. त्यातून आजवर बाद केलेले ग्रंथ वजा करायला हवेत, आणि प्रत्येक वेळी बाद केल्याचा कार्यकारी मंडळाचा ठराव इतिवृत्तात सापडायला हवा. ठराव नसेल तर कपाटात नसलेलं पुस्तक कागदोपत्री जिवंतच राहतं आणि तपासणीत ते हरवलेलं ठरतं. एकदा सगळी कपाटं रिकामी करून दाखल अंकांनुसार पडताळणी करा. दोघांनी मिळून केली, एकाने अंक वाचायचा आणि दुसऱ्याने खूण करायची, तर चुका कमी होतात.

दुसरी अडचण किमतींची. दाखल नोंदवहीत छापील किंमत असते, खतावणीत मात्र सवलत वजा जाता दिलेली रक्कम. वर्षाच्या ग्रंथखरेदीचा आकडा दोन ठिकाणी दोन दिसला की शंका येणारच. प्रत्येक बिलावर त्यातल्या ग्रंथांचे दाखल अंक लिहा आणि नोंदवहीत बिल क्रमांक, सवलत आणि निव्वळ रक्कम टिपून ठेवा. भेट आलेली पुस्तकं त्याच वहीत, पण ‘भेट’ असा शेरा मारून.

मग संस्थेचं नाव. नोंदणी प्रमाणपत्रावर ‘सार्वजनिक वाचनालय’, बँकेत ‘ग्रंथालय’, पॅन कार्डावर आणखी तिसरंच काही, असं सर्रास आढळतं. इंग्रजीत लिहिताना तर स्पेलिंगही बदलतं. दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवरच्या नोंदणीत, पॅनवर आणि बँक खात्यात नाव अक्षरशः एक हवं. ही दुरुस्ती करायला बँकेत आणि इतरत्र बरेच खेटे पडतात, म्हणून ती सगळ्यात आधी हाती घ्यावी.

धर्मादाय कार्यालयाकडचे कागदही बघा. नवं कार्यकारी मंडळ निवडून आलं की 90 दिवसांत फेरफार अहवाल दाखल करायचा असतो. तो राहिला तर परिशिष्ट 1 वर, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतल्या संस्थेच्या उताऱ्यावर, जुनीच, कधी कधी हयात नसलेली नावं राहतात आणि प्रस्तावावर सही करणारा अध्यक्ष कागदोपत्री अध्यक्षच नसतो. हिशेब वर्ष 31 मार्चला संपतं आणि लेखापरीक्षण 30 सप्टेंबरपर्यंत व्हायला हवं. मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल एकत्र ठेवा. एका वर्षाची अखेरची शिल्लक पुढच्या वर्षाच्या आरंभीच्या शिलकीशी जुळते का, हे स्वतः तपासा. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना पाठवलेल्या वार्षिक अहवालातले सभासद, ग्रंथ आणि खर्च हेच प्रस्तावातही यायला हवेत. माझ्या मते या एका तपासणीवर दिलेला वेळ सगळ्यात जास्त सार्थकी लागतो.

फर्निचरसाठी तीन दरपत्रकं घेताना तिघांनाही एकच वर्णन द्या: उंची, रुंदी, खोली, पत्र्याची जाडी, खणांची संख्या. नुसतं ‘लोखंडी कपाट’ लिहिलं तर तिघे तीन वेगळ्या वस्तूंचे दर देतात आणि तुलनेला अर्थ उरत नाही. दरपत्रकावर तारीख आणि जीएसटी क्रमांक असल्याची खात्री करा.

इमारतीचा प्रस्ताव असेल तर जागा कोणाच्या नावावर आहे हा पहिला प्रश्न येतो. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा आणि अभियंत्याचं अंदाजपत्रक लागतं. ग्रामपंचायतीची जागा तोंडी कबुलीवर किंवा नुसत्या नोटरीच्या कागदावर वापरत असाल तर ते पुरणार नाही. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो.

रक्कम मंजूर झाली तर तिच्यासाठी स्वतंत्र बचत खातं असणं सोयीचं, कारण अनुदानावर मिळालेल्या व्याजाचाही हिशेब द्यावा लागतो. घेतलेली प्रत्येक वस्तू जडसंग्रह नोंदवहीत (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) चढवा आणि शेऱ्यात योजनेचं नाव, वर्ष लिहा. काम झाल्यावर सनदी लेखापालाच्या सहीचं विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या जीएफआर 12-ए नमुन्यात पाठवायचं. पूर्वीच्या एखाद्या अनुदानाचं प्रमाणपत्र अजून बाकी असेल, तर नवा अर्ज लिहायला घेण्याआधी ते पाठवून त्याची पोच फाइलला लावा.