साडेसव्वीस डॉलर आणि आमचे काका

नोव्हेंबर आला की यंदा माझ्या पोटात गोळाच आला. रोटरीत नोव्हेंबर म्हणजे फाउंडेशन मंथ (रोटरी फाउंडेशन म्हणजे रोटरीचा जगभरच्या कामांसाठीचा अमेरिकेतला निधी), आणि ह्या वर्षी आमच्या क्लबात फाउंडेशनचं खातं माझ्या गळ्यात पडलंय. गळ्यात पडलंय म्हणजे काय, चाळीस-बेचाळीस मेंबर, त्यातले निम्मे मीटिंगला येणारे आणि बाकीचे डायरेक्ट फेलोशिपला (आमच्याकडे मीटिंगनंतरच्या जेवणाला फेलोशिप म्हणतात, नवीन लोकांना वाटतं काहीतरी शिष्यवृत्ती आहे), आणि ह्या सगळ्यांकडे जाऊन रोटरी फाउंडेशनला पैसे द्या म्हणायचं. मी टॅक्सची कामं करते. लोकांचे पैसे वाचवून देणं हा माझा धंदा, आणि आता त्याच लोकांच्या खिशात हात घालायचा!

आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं, तालुक्याचं. द्राक्ष, बेदाणा, ऊस, थोडी हळद. क्लबातले बहुतेक लोक औषध दुकान, खताचं दुकान, दवाखाना, बिल्डिंग मटेरियल वगैरे वाले. देणारे लोक आहेत हं, उगाच कोणी गैरसमज करून घेऊ नका. पुराच्या वेळी ट्रक भरून पाठवलेत, शाळेला बेंच दिलेत, रक्तदान दर वर्षी. पण फाउंडेशन म्हटलं की सगळे पंख्याकडे बघायला लागतात.

आमचे एक काका आहेत, क्लबातले सगळ्यात जुने, खताचं दुकान. मागच्या महिन्यात मी विषय काढला तर म्हणाले, "वहिनी, शाळेला बेंच पाहिजे तर आत्ता चेक देतो, पण अमेरिकेला कशाला पैसे पाठवायचे? ते श्रीमंत का आपण?" सगळे हसले. मीपण हसले, कारण हेच वाक्य वीस वर्षांपूर्वी मी स्वतः सासऱ्यांना म्हणाले होते.

आमच्या घरात रोटरी सासऱ्यांमुळे आली. मी लग्न होऊन आले तेव्हा मी 'अ‍ॅन' होते. रोटरीयनची बायको म्हणजे अ‍ॅन, मुलं म्हणजे अ‍ॅनेट, आणि घरातली सून म्हणजे काय ते कुणालाच माहीत नव्हतं म्हणून मलापण अ‍ॅनमध्ये टाकलं. बायकांना मेंबर करून घ्यायला रोटरीनं १९८९ मध्ये परवानगी दिली, आमच्या क्लबापर्यंत ती बातमी पोचायला आणखी बरीच वर्षं लागली, ते जाऊ दे. तर सासऱ्यांच्या कपाटात एक मखमली डबी होती, त्यात मेडल आणि कोटाला लावायची छोटी पिन. पॉल हॅरिस फेलो. मी विचारलं हे कशाचं बक्षीस? म्हणाले, बक्षीस नाही, हजार डॉलर दिले त्याची पोच आहे. मी मनात म्हटलं, हजार डॉलर! एवढ्यात घराला रंग लागला असता.

माझं मत बदललं ते भाषणानं नाही. भाषणं भरपूर ऐकली, डीजी म्हणजे डिस्ट्रिक्ट गव्हर्नर, आमच्या भागातल्या क्लबांचे प्रमुख, त्यांच्या व्हिजिटला दर वर्षी एक असतंच. मत बदललं त्याचं कारण आधीच माझ्या हातून होऊन गेलं होतं, फक्त मला ते कळलं नव्हतं. ते सांगते.

देशात पल्स पोलिओ १९९५ च्या डिसेंबरात सुरू झालं. त्यानंतर काही वर्षांनी आमच्या अ‍ॅन मंडळींना कामाला लावलं, रविवारचं बूथ एसटी स्टँडवर आणि मग नंतरचे दिवस ऊसतोडीच्या फडावर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दिवाळीनंतर बीडकडून टोळ्या येतात, कारखान्याच्या आसपास कोप्या घालतात, आणि आईबाप पहाटे फडात गेले की लहान पोरं कोपीत किंवा बांधावर. ही पोरं ना त्यांच्या गावच्या यादीत ना आमच्या. आम्ही सकाळी सातला गेलो तर मुकादम म्हणाला आत्ता कोण नाही, संध्याकाळी या. मग संध्याकाळी गाडीच्या लाईटमध्ये. एक नर्सबाई, एक आशेनं बघणारं कुत्रं आणि मी. माझ्या खांद्याला तो निळा व्हॅक्सिनचा डबा, आत बर्फाचे पॅक, पट्टा इतका टोचत होता की दुसऱ्या दिवशी ब्लाउज घालवेना. एका पोराचं तोंड उघडायला त्याच्या मोठ्या बहिणीनं त्याचं नाक दाबलं, तीच असेल सहा-सात वर्षांची. दोन थेंब. मग करंगळीच्या नखाला शाई लावायला गेले तर नख उसाच्या चिकट रसानं आणि मातीनं एवढं काळं की शाई दिसेचना. नर्सबाई म्हणाली आधी पदरानं पुसा ताई. पुसलं.

तेव्हा मला वाटायचं हे सगळं सरकारचं. आणि मोठा वाटा सरकारचाच होता, ते खरंच आहे. पण रोटरीनं पोलिओप्लस ही पोलिओविरुद्धची आपली मोहीम १९८५ मध्येच सुरू केलं होतं, म्हणजे १९८८ ला जागतिक मोहीम सुरू व्हायच्याही आधी. तेव्हा जगात सव्वाशे देशांत मिळून साडेतीन लाख मुलं दर वर्षी पोलिओनं लुळी होत होती. आणि ह्या कामाचे रोटरीकडचे पैसे ज्या थैलीतून गेले ती थैली म्हणजे हेच फाउंडेशन, ज्याला मी 'अमेरिकेला पाठवायचे पैसे' म्हणत होते. भारतातली शेवटची केस १३ जानेवारी २०११, हावडा. २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट. त्या दिवशी सासऱ्यांनी डबी काढून पिन लावली, नुसतीच, घरातल्या शर्टाला, आणि चहा प्यायला बसले. मी काही बोलले नाही. पुढच्या जूनमध्ये मी माझे पहिले शंभर डॉलर भरले.

बरं, आता काकांच्या प्रश्नाचं उत्तर. हे मी ह्या महिन्यात इतक्यांदा समजावलंय की झोपेत पण सांगेन. आपण अ‍ॅन्युअल फंडाला दिलेले पैसे तीन वर्षं गुंतवून ठेवतात, त्याच्या उत्पन्नातून बराचसा कारभार चालतो. तीन वर्षांनी त्यातले साधारण निम्मे आपल्याच डिस्ट्रिक्टकडे (सरकारी जिल्हा नव्हे, आपल्या भागातल्या रोटरी क्लबांचा गट) परत येतात, त्याला डीडीएफ म्हणतात, आणि बाकीचे फाउंडेशनच्या जगभरासाठीच्या सामाईक खात्यात, म्हणजे वर्ल्ड फंडात. मग आपण एखादा मोठा प्रोजेक्ट धरला, परदेशातला एक क्लब पार्टनर घेतला, की ग्लोबल ग्रँट मागता येते. डिस्ट्रिक्टनं डीडीएफमधला एक रुपया घातला की वर्ल्ड फंड त्यावर ऐंशी पैसे घालतो. ह्या ग्रँटचं बजेट कमीत कमी ३०,००० डॉलरचं लागतं, म्हणजे पंचवीस लाखांच्या वरच. आता मला सांगा, आमच्या तालुक्याच्या क्लबानं स्वतःच्या जिवावर पंचवीस लाख कधी उभे केले असते? आम्हाला गणपतीत अन्नदानाला लाख जमवताना घाम फुटतो.

आणि हे नुसतं कागदावरचं गणित नाही. आमच्या गावातल्या ट्रस्टच्या दवाखान्यात डायलिसिसची मशीन आहेत ती ह्याच ग्रँटमधनं आलीत. त्याआधी पेशंट मिरजेला जायचे. आठवड्यातनं दोन-तीनदा, जायला दीड तास, मशीनवर चार तास, यायला दीड तास, बरोबर घरातलं एक माणूस, त्याचा रोज बुडाला. मिरजेत दवाखाने चांगलेच आहेत, प्रश्न त्या एसटीच्या प्रवासाचा होता.

ह्या वर्षी मी ठरवलं की माइकवर उभं राहून अपील करायचं नाही. एक-एकाला घेऊन ती खोली दाखवायची. पाच-सहा जणांना दाखवून झाली. तिथे दाखवण्यासारखं खरं तर काही नसतं हो. चार खुर्च्या, चार मशीन, एसीचा गारवा आणि रक्त बाहेर फिरून येतं म्हणून पेशंटला आणखीनच थंडी वाजते, त्यामुळे भर मे महिन्यातपण घरची वाकळ आणलेली. एक ट्रॅक्टर चालवणारा माणूस होता, चाळिशीचा, त्यानं मनगटाच्या वर फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेल्या रक्तवाहिनीच्या) जागी माझं बोट ठेवायला लावलं. "बघा ताई, मोटार चालू हाय." खरंच आत घरघर लागते, मांजर मांडीवर बसल्यावर जशी लागते तशी. मशीनवर आमच्या क्लबाची पाटी आहे, त्यावर 'फाऊंडेन' छापलंय, 'श' गायब. मी तेव्हाच बोंब मारली होती, पेंटर म्हणाला उद्या करतो. त्याला आता चार वर्षं झाली.

त्या खोलीत नेल्यावर कोणाला काही सांगावं लागत नाही. बाहेर येऊन चपला घालताना लोक स्वतःच विचारतात, शंभर डॉलर म्हणजे किती होतात गं?

आठ-नऊ हजार होतात. महिन्याला साडेसातशे धरा. आमच्या इन्स्टॉलेशनला, म्हणजे नव्या अध्यक्षांच्या पदग्रहणाला, अध्यक्षांच्या फोटोचे जे फ्लेक्स लागतात ना चौकात, त्याच्यापुढे हे काहीच नाही (अध्यक्ष हे वाचत असतील तर, सर, तुमचा फोटो छान आला होता). जगभर सगळ्या क्लबांत हेच सांगतात, प्रत्येक रोटरीयननं दर वर्षी काहीतरी द्या. शंभरच असं नाही, काहीतरी.

आता माझी एक चूक कबूल करते. मी अध्यक्ष होते त्या वर्षी मी शहाणपणा केला. जुलैच्या ड्यूजच्या (मेंबरशिपच्या वर्गणीच्या) बिलातच शंभर डॉलर चढवून टाकले, कोणाला न विचारता. मला वाटलं, चला एका फटक्यात शंभर टक्के क्लब, एकूण एक मेंबर देणारा! पैसे आले सगळ्यांचे, डिस्ट्रिक्टच्या कार्यक्रमात बॅनरपण मिळालं, आणि पुढच्या वर्षी दोन मेंबर शांतपणे क्लब सोडून गेले. त्यातले एक डॉक्टर मला बाजारात भेटले तर म्हणाले, मागितले असते तर दुप्पट दिले असते, तुम्ही कापून घेतले. मला अजून ते वाक्य खुपतं. बॅनर कुठे आहे आता विचारू नका.

पिनचंपण तसंच. मी पिनच्या विरोधात नाही, सासऱ्यांची पिन मी जपून ठेवलीय. पण जून महिना आला की जी पळापळ चालते, ह्याच्या देणगीचे पॉइंट त्याला, त्याचे ह्याला, आणि एकदाचा अमुकतमुक 'पॉल हॅरिस झाला', त्यात देणं राहतं बाजूला. (लायन्स क्लबवाले आमचे शेजारी, त्यांच्याकडे पण हेच, हजार डॉलरला मेल्विन जोन्स फेलो. गावात दोघांच्या पिना एकाच लग्नात भेटल्या की बघण्यासारखं असतं.)

टॅक्सचं पण सांगते, कारण मला फोन त्याचेच जास्त येतात. भारतातले पैसे रोटरी फाउंडेशन इंडियाकडे जातात आणि ८०जी, म्हणजे देणगीवरची टॅक्सची वजावट, मिळतं. पण, आणि हा पण मोठा आहे, तुम्ही नव्या टॅक्स रिजीममध्ये असाल तर ८०जी चा काही उपयोग नाही. आमच्या क्लबातले अर्ध्याहून जास्त नव्या रिजीममध्ये गेलेत, मीच घातलेत. जुन्यात असाल तर पॅन नंबर बरोबर द्या, वर्षअखेरीला १०बीई फॉर्म (देणगीचं सर्टिफिकेट) मागून घ्या, आणि रोख देऊ नका, दोन हजारांच्या वर रोख दिलं की वजावट गेली. काही क्लबांत टॅक्स वाचतो म्हणून द्या असं सांगतात. मी नाही सांगत, कारण उद्या रिटर्न भरताना तोच माणूस माझ्याच ऑफिसात येऊन बसणार.

आता काकांकडे परत. त्यांना डायलिसिसची खोली दाखवायची सोय नव्हती, ते दवाखान्याच्या दारातनंच मागे फिरतात, काकू गेल्यापासून. मग मी त्यांच्या दुकानात गेले, पोत्यांच्या मधे स्टुलावर बसले, आणि त्यांना जुनी गोष्ट सांगितली. १९१७ मध्ये अटलांटाला रोटरीचं अधिवेशन झालं, तिथे आर्च क्लम्फ नावाचे अध्यक्ष म्हणाले की जगात काही चांगलं करायला एक कायमचा निधी करूया. लोकांनी ऐकलं, टाळ्या वाजवल्या असतील, आणि निघून गेले. दुसऱ्या वर्षी कॅन्सस सिटीच्या क्लबानं पहिली देणगी दिली, साडेसव्वीस डॉलर. बास. त्याच निधीला पुढे १९२८ मध्ये रोटरी फाउंडेशन नाव मिळालं.

काका बराच वेळ कॅल्क्युलेटरशी खेळत बसले. मग म्हणाले, "सुरुवात साडेसव्वीसनं झाली म्हणता?"

"हो."

"आख्ख्या क्लबाची?"

"आख्ख्या क्लबाची."

"मग माझे एकट्याचे साडेसव्वीस घ्या. आख्ख्या क्लबाएवढे देतोय, कमी नाहीत."

मी म्हटलं काका, ते १९१८ चे डॉलर होते, महागाई धरली तर त्याचे आज किती होतील बघा. तर म्हणाले, "व्याज माफ." आणि गड्याला हाक मारून चहा सांगितला.

दुकानातच बसून त्यांच्या मोबाइलवरनं भरले. ओटीपी तीनदा चुकला, कारण ते आकडे मोठ्यानं वाचून दाखवत होते आणि समोर युरिया घ्यायला आलेला शेतकरी मधेच आपला हिशेब सांगत होता. शेवटी एकदाचे गेले. रात्री साडेनऊला काकांचा फोन, "वहिनी, ईमेल आलाय, पावती आहे, पण ह्यात माझ्या नावापुढे मिस्टर लावलंय. आपल्या बेंचवर ते काका लिहितात."