तुम्ही विचारलंत म्हणून: बहात्तरच्या आठवणी कशाला रेकॉर्ड करता?

रेकॉर्डर घेऊन नाशिकहून सिन्नरकडे निघाले, की कुणीतरी विचारतंच: बहात्तरच्या दुष्काळाची सगळी नोंद सरकारदरबारी आहे, मग इतक्या वर्षांनी म्हाताऱ्या माणसांना कशाला बोलतं करता? त्यांना साल तरी धड आठवतं का?

साल नाही आठवत, खरंय. मी ते विचारतही नाही. "दुष्काळ कसा होता?" हेही विचारायचं सोडलं. "लई वाईट" एवढं म्हणून माणसं गप्प होतात. मी विचारते, "भाकरी कशाची होती?" मग तासभर मला तोंड उघडावं लागत नाही. अमेरिकेतून आलेली मिलो, ती तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापतानाच चिरायची. रानातला बरबडा. कामावर खायला मिळालेली सुकडी धाकट्या भावंडांसाठी पदरात बांधून आणणं.

सिन्नर तालुक्यातल्या एका आजी तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. आई पाझर तलावाच्या कामावर. "आई खांदायची, म्या पाटी व्हायची. मस्टरवर नाव आईचंच. मपलं वय बसत नव्हतं ना." मस्टर म्हणजे हजेरीपट. मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर. म्हणजे माती दोघींची, नाव एकीचं.

1973च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. हा आकडा मी अनेकदा वाचला होता. त्या दुपारनंतर वाचला, तेव्हा त्यात ही मुलगी नाही हे पहिल्यांदा लक्षात आलं. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला. त्याचे कागद जपलेले आहेत, जपायलाच हवेत. पण कुणाच्या मापात कुणाची माती होती, हे सांगणारी माणसं आता साठीपासून ऐंशीपर्यंतची आहेत. म्हणून घाई करते.

पाटी डोक्यावर ठरायची कशी, असं मी विचारलं, तर आजी बोलायच्या थांबल्या. दोरीवरचं फडकं ओढलं, पीळ देत चुंबळ वळली, आणि शेजारी बसलेल्या नातीच्या डोक्यावर ठेवली. नीट बसली नाही म्हणून सोडून पुन्हा वळली. रेकॉर्डिंगमध्ये तिथे दोन मिनिटं नुसता पंख्याचा आवाज आहे. ती मी कापलेली नाहीत.