सेकंड लेफ्टनंट टल, बे नंबर ७

पॅरिसच्या गार द्यु नॉरवरून टीजीव्ही पकडली की तासाभराच्या आत अरास येतं. बहुतेक लोक इथे चौकातली फ्लेमिश पद्धतीची घरं आणि तो उंच बेलफ्री टॉवर बघायला येतात, फोटो काढतात आणि बीअर पिऊन परत जातात. चौक भारी आहेच, आणि पहिल्या महायुद्धात तो पार जमीनदोस्त झाला होता, आज दिसतंय ते सगळं नंतर जसंच्या तसं उभं केलेलं, हे सांगूनही खरं वाटत नाही. पण मला जायचं होतं अरास मेमोरियलला, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या स्मारकाला, ते स्टेशनपासून चालत अर्ध्या तासावर, जुन्या किल्ल्याला लागून. भाचा बरोबर होता, तो कट्टर स्पर्सवाला, म्हणजे लंडनच्या टॉटनहॅम फुटबॉल क्लबचा चाहता, आणि त्या क्लबचा जुना खेळाडू आणि पहिल्या महायुद्धात मारला गेलेला ऑफिसर वॉल्टर टल, त्याचं वेड मला भाच्यानेच लावलेलं.

टलचा जन्म १८८८ चा, इंग्लंडमधल्या फोकस्टनचा. वडील बार्बाडोसहून आलेले सुतार, आई केंटमधली गोरी. आई १८९५ मध्ये गेली, दोन वर्षांत वडीलही गेले, आणि सावत्र आईला एवढी पोरं सांभाळणं झेपेना म्हणून वॉल्टर आणि त्याचा भाऊ एडवर्ड लंडनच्या बेथनल ग्रीनमधल्या अनाथाश्रमात. पुढे एडवर्डला ग्लासगोच्या एका कुटुंबाने दत्तक घेतलं, तो डेंटिस्ट झाला. वॉल्टर मागे राहिला आणि फुटबॉल खेळत राहिला. क्लॅप्टन क्लबकडून १९०९ चा अमॅच्युअर कप जिंकला, त्याच वर्षी टॉटनहॅमने उचलला, थेट अर्जेंटिना-उरुग्वेच्या दौऱ्यावर नेला आणि मग फर्स्ट डिव्हिजनमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये खेळवला. त्या लेव्हलला खेळलेल्या अगदी सुरुवातीच्या कृष्णवर्णीय खेळाडूंपैकी तो एक.

ऑक्टोबर १९०९ मध्ये ब्रिस्टलला मॅच होती. तिथल्या काही प्रेक्षकांनी त्याच्या रंगावरून इतक्या घाणेरड्या शिव्या घातल्या की पेपरच्या वार्ताहराने त्यावर वेगळं लिहिलं, आणि वर हेही लिहिलं की मैदानावर सगळ्यात सभ्य तोच होता. नंतर काही दिवसांतच टल पहिल्या टीमबाहेर! स्पर्सकडून लीगमध्ये एकूण १० मॅच, २ गोल, बास. शिव्या देणारे स्टँडमध्ये आणि बाहेर बसला हा. भाचा यावर नेहमी गप्प होतो, क्लब त्याचा लाडका ना. १९११ मध्ये नॉर्दॅम्प्टन क्लबने घेतला, तिथे हर्बर्ट चॅपमन मॅनेजर होते, आणि तिथे मात्र पठ्ठ्या शंभराच्या वर मॅच खेळला.

डिसेंबर १९१४ मध्ये फुटबॉलवाल्यांची म्हणून एक बटालियन उभी राहिली, मिडलसेक्स रेजिमेंटची १७ वी, कारण पोरं मरतायत आणि हे बॉल खेळतायत अशी पेपरातून बोंब चालू होती. टल त्याच महिन्यात भरती झाला, नॉर्दॅम्प्टनचा पहिला. सार्जंट झाला, १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत लढला आणि मे १९१७ मध्ये चक्क ऑफिसर झाला. आता गंमत बघा, सैन्याच्या नियमावलीत ऑफिसर शुद्ध युरोपियन वंशाचाच हवा असं चक्क छापलेलं होतं. तरी झाला! इटलीत जानेवारी १९१८ मध्ये २६ जणांना घेऊन रात्री पियावे नदी ओलांडून गेला आणि सगळ्यांना धडधाकट परत आणलं, त्याबद्दल जनरलनं लेखी शाबासकी दिली.

मेमोरियलच्या आत शिरलं की खांबांची लांब ओळ, आणि भिंतींवर जवळपास ३५,००० नावं, ज्यांची कबर सापडलीच नाही अशांची. डिझाइन लट्यन्सचं, तेच आपले नवी दिल्लीवाले. नावं नुसती एबीसीडीने नाहीत, आधी रेजिमेंट, मग हुद्दा, मग आडनाव, त्यामुळे मतदार यादीत शोधतो तसं आडनावावरून थेट काही सापडत नाही, आधी रजिस्टर बघावं लागतं. बे ७, म्हणजे भिंतीचा सातवा कप्पा. मिडलसेक्सचे सेकंड लेफ्टनंट वर, आणि त्यात मान वर करून बघितलं तर टल डब्ल्यू. डी. जे. सार्जंट लोक त्याच्या खाली, कॉर्पोरल आणखी खाली, आणि साधे शिपाई तर रांगाच्या रांगा. फुटबॉलचा कुठे उल्लेख नाही, रंगाचा तर प्रश्नच नाही. नियमात बसत नव्हता तो माणूस नियमाप्रमाणे बरोब्बर आपल्या हुद्द्याच्या जागी, हे मला कुठल्याही पुतळ्यापेक्षा जास्त आवडलं. भाचा म्हणाला, "मामा, मिलिटरी क्रॉस मात्र दिलाच नाही ना." हे शौर्याचं मेडल. शिफारस झाल्याचं एडवर्डला आलेल्या पत्रात होतं, मेडल काही आलं नाही.

मग गाडी करून बापोमजवळच्या फाव्रय गावाला गेलो. बघायला काय, शेतं, विटांची घरं, एक चर्च. मार्च १९१८ मध्ये जर्मनांचा मोठा हल्ला सुरू झाला आणि २५ तारखेला माघार घेताना टलला इथेच कुठेतरी गोळी लागली. टॉम बिलिंगहॅम नावाचा शिपाई, लेस्टर फॉस या फुटबॉल क्लबचा आधीचा गोलकीपर, त्याने भर गोळीबारात त्याला ओढून आणायचा प्रयत्न केला, पण जर्मन इतके जवळ आले की सोडून यावं लागलं. टल तेव्हा २९ वर्षांचा होता.

जाणार असाल तर: मेमोरियलला तिकीट नाही, फाव्रयला मात्र स्वतःची गाडी करा आणि जेवण बापोममध्येच उरका.