तुम्ही विचारलंत म्हणून: आधी पिशवी की आधी तुकडा?

"पाळी जाऊन सहा वर्षं झाली आणि आता परत अंगावरून जातंय. पिशवीच काढून टाकूया की, भीती मिटेल." इस्लामपूर असो, विटा असो की फलटण, हाच प्रश्न पुन्हापुन्हा येतो. उत्तर एकच आहे: तपासायला घेतलेल्या तुकड्याचा, म्हणजे बायोप्सीचा, रिपोर्ट हातात आल्याशिवाय पिशवी काढू नका.

साध्या ऑपरेशनात पिशवीच्या अगदी कडेनं कापत जातात, म्हणजे शेजारच्या मूत्रनळ्या सुरक्षित राहतात. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर मात्र त्याच कडेच्या भागात, पॅरामेट्रियममध्ये, शिरतो. म्हणून त्याच्या मोठ्या ऑपरेशनात मूत्रनळ्या सोडवून घेऊन ती कड, योनिमार्गाचा वरचा एक-दोन सेंटिमीटर भाग आणि ओटीपोटातल्या लसिकाग्रंथीही काढतात. गाठ २ सेंटिमीटरपर्यंतची आणि वरवरची असेल, तर ग्रंथींसकट साधं ऑपरेशनही पुरतं. पण हे ठरतं तुकड्यावर आणि एमआरआयवर, अंदाजानं नव्हे.

न तपासता पिशवी काढली आणि नंतर कॅन्सर निघाला, तर पुढचं सगळंच अवघड होतं. आतलं रेडिएशन देताना नळी पिशवीच्या पोकळीत ठेवतात. पिशवीच नसेल तर ती ठेवायची कुठे? मोकळ्या जागेत आतडी उतरतात, ती भाजू नयेत म्हणून डोस आवरावा लागतो. आपल्या कारखान्यांवर बीडकडून ऊसतोडीला येणाऱ्या बायकांत तिशीतच पिशवी काढलेल्या इतक्या आढळल्या, की २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पांढरं जातं एवढ्यावर पिशवी काढणं हे उपचारात बसतच नाही.

तुकडा घेतल्यानं कॅन्सर पसरतो, ही भीती पिशवीच्या बाबतीत खोटी आहे. पिशवीच्या तोंडाचा तुकडा बाह्यरुग्ण विभागातच घेता येतो. पाळी गेल्यावर रक्त जात असेल आणि सोनोग्राफीत अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड दिसलं, तर आतलं अस्तरही बारीक नळीनं घेऊन तपासतात. अंडाशयाची गोष्ट वेगळी. तिथल्या संशयित गाठीत सुई घालून पाणी काढू देऊ नका; गाठ फुटली की पेशी पोटभर सांडतात. ती अखंड बाहेर यायला हवी. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये डोळ्यांना दिसेल असा एक दाणाही पोटात न ठेवणं हेच सर्जनचं खरं काम. ते जमण्यासारखं नसेल तर आधी तीन केमो, मग ऑपरेशन, मग उरलेले केमो.

"दुर्बिणीतून होईल ना?" अस्तराच्या कॅन्सरला होतं, फक्त पिशवी आत तुकडे न करता अखंड काढावी. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशनाला पोट उघडणंच बरं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत साडेचार वर्षांनी पोट उघडून केलेल्यांपैकी ९६.५ टक्के स्त्रिया रोगमुक्त होत्या, दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के.

पिशवीच्या तोंडाची गाठ ४ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा कडेला पोचली असेल, तर बहुतेक वेळा ऑपरेशन करत नाहीत. घरचे हादरतात, "हातातून गेलं" म्हणतात. तसं नाही. रेडिएशन आणि आठवड्याला एकदा सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध, यानंही रोग बरा होतो. मात्र सगळं आठ आठवड्यांत संपायला हवं. भांगलणीसाठी, जत्रेसाठी केलेले खाडे थेट बरं होण्याच्या शक्यतेतून वजा होतात.

मोठ्या ऑपरेशनात मूत्राशयाच्या नसाही दुखावतात, त्यामुळे लघवी लागल्याचं कळत नाही. नळी आठवडा-दहा दिवस, कधी त्याहून जास्त ठेवावी लागते. ती काढल्यावर लघवी करवून आत किती उरली ते मोजतात. १०० मिलिलिटरपेक्षा जास्त उरत असेल तर पुन्हा नळी लागू शकते. घरी दर तीन तासांनी, घड्याळ लावून, लघवीला जायचं. योनिमार्गातून सतत पाणी गळायला लागलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आणि काढलेली पिशवी ट्रेमध्ये दाखवली, बघितली, झालं, असं होऊ देऊ नका. ती फॉर्मॅलिनमध्ये पूर्ण बुडवून तपासायला गेली का, हे विचारा. रिपोर्टबरोबर स्लाइड आणि मेणाचे ब्लॉकही मागून जपून ठेवा; मिरजेला, कराडला किंवा मुंबईला गेलात तर डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतात.