तिचे हात आणि घरची तूर

नवतपा लागायला दोन दिवस उरले होते आणि नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला होता. शहरातील एका सरकारी रुग्णालयात मेडिसिन विभागाची पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर म्हणून मी काम करत होते. उष्माघाताच्या रुग्णांमुळे वॉर्डात पलंग शिल्लक नव्हता. काटोल तालुक्यातून आलेल्या चाळिशीच्या त्या बाईंचे काळवंडलेले, खरखरीत, सालपटे निघणारे हात पाहिले, तेव्हा उन्हात राबणाऱ्या बाईचे हात असेच असणार, असे मी गृहीत धरले आणि त्वचारोग विभागाकडे पाठवण्याची चिठ्ठी लिहायला घेतली. याआधी दोन ठिकाणी त्यांना उन्हाची ॲलर्जी म्हणून मलम मिळाले होते.

सोबत आलेली मुलगी म्हणाली, "मॅडम, आईला रात्रभर झोप नाही जी, उगाच कोणावरही चिडते." तीन आठवड्यांपासून जुलाब होत होते आणि जीभ इतकी लाल व हुळहुळी झाली होती की तिखटाचा घास गिळवत नव्हता. तेवढ्यात बाईंचा पदर घसरला आणि गळ्याभोवती हाराप्रमाणे वेढलेला काळसर पट्टा दिसला. मनगटाच्या वर डाग जिथे संपत होता तिथली रेषा हातमोज्याच्या काठासारखी स्पष्ट होती आणि दोन्ही हातांवर ती जवळपास सारख्याच उंचीवर होती. त्वचा, आतडी आणि मन या तिन्ही ठिकाणी एकाच वेळी बिघाड करणारा पेलाग्रा हा आजार मी तोवर केवळ परीक्षेपुरता वाचला होता. गळ्यावरच्या त्या पट्ट्याला अठराव्या शतकातील स्पॅनिश वैद्य कासाल यांचे नाव आहे.

क्षयावरील आयसोनियाझिड या औषधामुळे किंवा दीर्घकाळच्या दारूमुळेही हा आजार होऊ शकतो, म्हणून आधी त्याची चौकशी केली. दोन्ही नव्हते. मग मी खाण्याविषयी विचारले. सकाळी काय, दुपारी काय, काल काय, परवा काय, हे एकेक करून विचारण्यात अर्धा तास गेला आणि बाहेरची रांग ओरडू लागली, तरी उत्तर बदलले नाही.

"भाकर न् तिखट. अखीन काय राह्यते जी?"

भाकर घरच्या ज्वारीची होती. डाळ कधी शिजली, हे आठवायला त्यांना वेळ लागला; दूध आणि अंडी नव्हतीच. ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असते आणि त्यामुळे शरीरात ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या अमिनो आम्लापासून नायसिन, म्हणजे ज्याच्या कमतरतेने पेलाग्रा होतो ते ब जीवनसत्त्व, तयार होण्यात अडथळा येतो, अशी मांडणी हैदराबादला पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात केली होती. तिच्यावर पुढे मतभेद झाले. परंतु केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरीब माणसांमध्ये हा आजार दिसतो, हे निरीक्षण कायम राहिले. ज्वारीला दोष देणे मला आजही मान्य नाही. भाकरीसोबत वरण, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी आणि अधूनमधून अंडे असेल, तर तीच ज्वारी उत्तम अन्न असते.

आमच्या सरांनी निदानाला दुजोरा दिला आणि नायसिनचेच एक रूप असलेल्या निकोटिनामाइडच्या गोळ्या, त्यासोबत इतर ब जीवनसत्त्वे सुरू झाली. तिसऱ्या दिवशी जीभ निवली, जुलाब थांबत आले आणि बाई रात्री झोपल्या. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी मुलीला घरच्या शेळीला पाणी कोण पाजते, असे विचारले, तेव्हा ती मुलगी माझ्यासमोरच रडू लागली. कित्येक दिवसांनी आई तिच्याशी नीट बोलली होती. हातांची कातडी पूर्ववत व्हायला मात्र बरेच आठवडे लागले.

जानेवारीत मी त्यांच्या गावी गेले. हात स्वच्छ झाले होते आणि ते त्यांनी मला उलटसुलट करून दाखवले. ओसरीवर तुरीची तीन पोती शिवून ठेवलेली होती. दोन एकर कोरडवाहू रानात कपाशीच्या ओळींमध्ये घेतलेली ती त्यांची स्वतःची तूर होती. मी आनंदाने म्हणाले, आता घरात वरण होत असेल. बाईंनी पोत्यांकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "इकाव लागते जी. सावकाराचं देनं हाय."

वॉर्डात गोळ्या लिहून दिल्या तेव्हा त्यांना डाळ खायला सांगणारी मीच होते. ती डाळ त्यांच्याच शेतात पिकत होती आणि तरी त्यांच्या ताटात येत नव्हती, हे मला त्या ओसरीवर कळले. परतीच्या एसटीत मी मेडिसिन सोडून सामाजिक वैद्यकशास्त्राकडे जाण्याचा विचार पहिल्यांदा केला आणि दीड वर्षाने तो अमलात आणला.

पुढे आहार सर्वेक्षणासाठी गावोगाव फिरताना आमच्या छापील तक्त्यात मागील चोवीस तासांत कोणते धान्य, किती डाळ, किती तेल, एवढेच रकाने असत. माझ्या प्रतींवर मी शेवटी हाताने दोन रकाने आखत असे: घरी काय पिकले, आणि त्यातले किती विकले.