सतरा वर्षं सरकारची बाजू, आणि मग...

सरकारी वकील म्हटलं की आपल्याला टीव्हीवर बाईट देणारे पब्लिक प्रॉसिक्युटर आठवतात. पण राज्य सरकारचा सगळ्यात मोठा वकील म्हणजे महाधिवक्ता, कोर्टात सगळे एजी म्हणतात, तो कोण आहे विचारलं तर बहुतेक जण डोकं खाजवतील. घटनेच्या कलम १६५ खाली राज्यपाल नेमतात, ठरलेली मुदत नाही, मर्जी असेपर्यंत खुर्ची (मर्जी राज्यपालांची लिहिलीय, असते मंत्रिमंडळाची!). विधानसभेत जाऊन बोलता पण येतं, फक्त मत देता येत नाही.

अशा खुर्चीवर एच. एम. सीरवाई १९५७ ते १९७४ टिकले. मधे द्विभाषिक मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र झाला, मुख्यमंत्री बदलले, यशवंतराव गेले, कन्नमवार आले, मग वसंतराव नाईक, एजी तेच. मुंबईचे पारशी, जन्म १९०६ चा, एल्फिन्स्टनला फिलॉसॉफी केलेली, आणि वकिली शिकले सर जमशेदजी कांगांच्या चेंबरमध्ये, जिथून पुढे नामांकित वकील नानी पालखीवाला पण आले.

हे दोघं समोरासमोर आले सुप्रीम कोर्टातल्या केशवानंद भारती केसमध्ये, प्रश्न होता संसद घटना कुठवर बदलू शकते. केस केरळची, केरळ सरकारकडून सीरवाई उभे, समोर पालखीवाला, १३ जज आणि ६८ दिवस सुनावणी. सीरवाईंचं म्हणणं एकच, घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार अमर्याद आहे, त्यात कोर्टाने पडू नये. २४ एप्रिल १९७३ ला निकाल ७ विरुद्ध ६, सरकारला बरंच काही मिळालं पण हा मुख्य मुद्दा गेला, घटनेचा मूळ ढाचा (बेसिक स्ट्रक्चर, म्हणजे तिची पायाभूत तत्त्वं) संसदेला मोडता येणार नाही असं ठरलं.

मग आणीबाणी आली. ऑगस्ट १९७५ मध्ये ३९ वी घटनादुरुस्ती करून पंतप्रधानांची निवडणूकच कोर्टाच्या कक्षेबाहेर काढली, आणि सुप्रीम कोर्टाने ते कलम उडवलं ते याच मूळ ढाच्याच्या आधारावर. हे बघून सीरवाईंनी घटनेवरच्या स्वतःच्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत सरळ लिहून टाकलं की केशवानंदमधलं बहुमत बरोबर होतं, म्हणजे ज्या मुद्द्यावर स्वतः इतके दिवस घसा कोरडा केला तोच खोडला. कुणी म्हणेल वकील काय, ब्रीफ (अशिलाने दिलेली केस) बदललं की मत बदलतं, पण इथे ब्रीफच नव्हतं ना कुणाचं.

आणि हे पुस्तक पण भारी प्रकरण आहे. पहिली आवृत्ती १९६७ ची, म्हणजे एजी असतानाच आली, ज्या कोर्टांपुढे उभं राहायचं त्यांच्याच निकालांची चिरफाड छापून मोकळे, आजच्या एखाद्या सरकारी वकिलाने असं करून दाखवावं बघू! १९७६ च्या हेबियस कॉर्पस निकालावर (आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने म्हटलं तो) तर १९७८ मध्ये वेगळं पुस्तकच काढलं. लॉ करणाऱ्या पोरांनो, घटनेवरचे जाडजूड खंड बघून घाबरत असाल तर या १९७८ च्या पुस्तकापासून सुरुवात करा, ते बारीक आहे आणि राग पानापानावर आहे.