बार्शी रोड

आमची आजी शेवटपर्यंत कुर्डुवाडीला 'बार्शी रोड'च म्हणायची. लातूरहून पुण्याला निघालो की तिचा प्रश्न ठरलेला, "बार्शी रोड आलं का रं?" मला वाटायचं, म्हातारी कुठल्या तरी डांबरी रस्त्याची चौकशी करतेय. पुढे कळलं की स्टेशनचं जुनं नावच ते.

रेल्वेच्या भाषेत 'रोड' ही एक सभ्य कबुली असते. गाव इथं नाही, पण इथून गावाकडे रस्ता जातो. नाशिक रोड तसंच, सावंतवाडी रोडही तसंच. जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची लाईन 1860 साली सोलापूरला पोचली, पण कापसाची आणि धान्याची एवढी मोठी पेठ असलेली बार्शी मात्र तीसपस्तीस किलोमीटर बाजूला राहिली. मग रुळाच्या वाटेत येणाऱ्या ठिकाणी स्टेशन झालं आणि त्याला नाव दिलं बार्शीचं. शेजारी कुर्डू नावाचं गाव, त्याची ही वाडी. आज वाडीची नगरपालिका आहे, कुर्डू अजून गावच आहे. थोरल्याच्या जिवावर धाकटा मोठा होतो म्हणतात, इथं तो परक्याचं नाव लावून मोठा झाला.

बार्शीचा माल बैलगाड्यांतून स्टेशनावर यायचा. हे पाहून एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं अडीच फुटी रुळांची छोटी रेल्वे काढली. प्रत्येक आसावर भार 5 टनांच्या वर जाऊ द्यायचा नाही, म्हणजे हलक्या रुळांवरही भरपूर माल जातो, हे त्याचं गणित. 1897 मध्ये बार्शी लाईट रेल्वे धावली. 1906 ला ती पंढरपूरला गेली, 1911 ला लातूरला, 1927 ला मिरजेला. सव्वातीनशे किलोमीटरची कंपनी, आणि मधोमध आमची कुर्डुवाडी. या कॅलथ्रॉपनं पुढे विमानातून उडी मारण्यासाठी पॅराशूटही बनवलं. माणसाला हलकेपणाचं वेडच असावं.

पण कुर्डुवाडी खरी जगली ती तीन फुटांवर. मोठी लाईन साडेपाच फूट, छोटी अडीच. फरक तीन फुटांचा. एका गाडीचा डबा दुसऱ्या रुळावर जाणार नाही, म्हणून पोतं उतरवायला हमाल हवा, पुन्हा चढवायलाही हमाल हवा. पंढरपूरला निघालेला वारकरी मोठ्या गाडीतून उतरणार, छोटीची वाट बघत बसणार, म्हणजे चहा पिणारच. छोट्या इंजिनांच्या दुरुस्तीचा रेल्वे कारखानाही इथंच. अडचण हाच धंदा असलेली गावं थोडी असतात.

आम्ही त्या अडचणीचे नेहमीचे गिऱ्हाईक. छोटी गाडी रमतगमत यायची, आणि मोठी चुकणार की मिळणार हा जुगार प्रत्येक खेपेला. दोन ट्रंका, एक वळकटी, लोणच्याची बरणी. बरणी आजीच्या हातात, कारण हमालावर तिचा विश्वास नव्हता आणि आमच्यावर त्याहून नव्हता. फलाटावर बसलं की ती जमिनीवर हात टेकून म्हणायची, "आता थोरली येईल." गाड्यांनाही तिनं जावाजावांसारखं धाकटी-थोरली करून टाकलं होतं. कंपनी 1954 मध्ये सरकारनं घेतली होती, पण तिच्या लेखी धाकटी अजून 'बार्शी लाईट'च होती.

2008 च्या सुमारास लातूरची लाईन रुंद झाली. धाकटी गेली. आता लातूरला रात्री बसायचं, सकाळी मुंबई. कुणाला उतरावं लागत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचं मला दुःखही नाही. ट्रंका उचलणाऱ्याला जुन्या दिवसांची गोडी जरा कमीच असते.

मागच्या खेपेला मध्यरात्री गाडी थांबली आणि सवयीनं माझा हात सीटखाली बॅगेकडे गेला. वरच्या बर्थवरून एका पोरानं विचारलं, "काका, कोणतं आलं?"

तोंडातून गेलं, "बार्शी रोड."

त्यानं मोबाईलमध्ये बघितलं. "बार्शी तर मगाशीच गेली की," म्हणाला, आणि कूस बदलून झोपला.